फळ्यावरचं नवं सदर

नाक्यावरचा वार्ताफलक हे मुंबईतलं सगळ्यात लहान नियतकालिक असावं. संपादक, लेखक, मुद्रितशोधक आणि शेवटी अंक रद्दीत काढणारा, सगळं एकच माणूस. प्रत एक, आणि तीही दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने पुसायची. शिवडी, नायगाव, परळ, लालबाग ह्या पट्ट्यात चाळीच्या तोंडाशी किंवा मंडळाच्या कचेरीबाहेर असे फळे अजून आहेत. गिरण्या चालू होत्या तेव्हा युनियनच्या कचेऱ्यांबाहेरही असत. हे काम अंगवळणी पडलेल्या माणसाला त्यातल्या खाचाखोचा सांगाव्या लागत नाहीत. खडू साखरेच्या पाण्यात भिजवला की लिहिताना अक्षर फिकट दिसतं, पण वाळल्यावर ठसठशीत उमटतं आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या खांद्याला लागून पुसलं जात नाही. लाल आणि निळा खडू जवळून छान दिसतो, रस्त्याच्या पलीकडून मात्र दिसतच नाही. लांबच्या वाचकासाठी पांढरा आणि पिवळा, बस्स. उभ्याउभ्या वाचणारा माणूस दहा-बारा ओळींच्या पुढे जात नाही, विशेषतः हातात दुधाची पिशवी असेल तर. म्हणजे जागा मोजकी, वाचक घाईत, आणि मजुरी शून्य. तरीही ह्या कामात थोडं मुरलं की प्रत्येकाला एकच खाज सुटते: रोजचं तेच ते लिहिण्यापेक्षा काहीतरी नवं सदर सुरू करावं.

खाज चांगलीच आहे. तिच्यावाचून फळा सूचनाफलक होऊन बसतो. पण नव्या सदराचा विचार करताना आपण चुकीच्या टोकापासून सुरुवात करतो, असं माझं ठाम मत आहे. आपण विचारतो, कल्पना कशी आहे? लोकांना आवडेल का? दिसायला कसं दिसेल? खरं विचारायला हवं ते वेगळंच: ह्या सदराची आवक कुठून आहे? बाजारात गाळा घेण्याआधी व्यापारी माल कुठून येणार हे बघतो. आम्ही हौशी लोक आधी गाळा रंगवून मोकळे होतो. सदर कल्पनेवर सुरू होतं आणि आवकेवर जगतं. ज्याचा मजकूर बाहेरून आपणहून चालत येतो ते टिकतं. जे केवळ लिहिणाऱ्याच्या उत्साहातून काढावं लागतं ते त्याच्या पहिल्या तापाबरोबर झोपतं.

फळ्यावरचीच उदाहरणं घेऊ. ‘दुःखद निधन’ ही चौकट कुणी प्रयोग म्हणून सुरू केलेली नसते, पण ती कधी बंद पडत नाही. कारण मयताच्या घरचं माणूस स्वतः चिठ्ठी घेऊन येतं: नाव, वय, अंत्ययात्रा किती वाजता आणि कुठून. हार्बरच्या मेगाब्लॉकचंही तसंच. रेल्वे आदल्या एक-दोन दिवसांत वेळापत्रक जाहीर करते, आणि रविवारी शिवडी स्टेशनवर जाऊन परत यावं लागलेला माणूस पुढच्या खेपेला फळा न वाचता घरातून निघत नाही. दहावी-बारावीच्या निकालानंतर उत्तीर्ण मुलांची नावं आणायला आईबाप रांग लावतात. आता ह्यांच्या शेजारी ‘आजचा सुविचार’ ठेवून बघा. महाराष्ट्रातला बहुधा एकही फळा सुविचारावाचून नाही, आणि सुविचार गाळला म्हणून कुणी विचारायला आलं, असं फळा लिहिणाऱ्या कुणाच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. सुविचाराची आवक कुठूनच नसते. लिहिणारा एका जुन्या पुस्तकातून एकेक वाक्य काढतो, पुस्तक संपलं की पुन्हा पहिल्या पानावर येतो. ते सदर नव्हे, ती जागा भरणं आहे. (अक्षर सुधारायला मात्र त्याच्यासारखा सराव नाही, हे मान्य.)

हे केवळ फळ्यापुरतं खरं असतं तर त्याचा गवगवा करायचं कारण नव्हतं. पण ह्याच गिरगाव-दादर-परळच्या टापूत मराठी नियतकालिकांनी जे प्रयोग केले त्यांचं गणितही असंच लागतं. काशिनाथ रघुनाथ मित्र ह्यांनी १८९५ मध्ये मुंबईत ‘मनोरंजन’ मासिक सुरू केलं आणि १९०९ साली, म्हणजे मासिक चांगलं चौदा वर्षं चाललेलं असताना, त्याचा दिवाळी अंक काढला. इंग्रजी नियतकालिकांचे नाताळ विशेषांक समोर होतेच. आज आपण त्याला मराठी दिवाळी अंकांचा आरंभ म्हणतो आणि मित्रांच्या कल्पकतेचं कौतुक करतो. कौतुक योग्यच आहे, पण कल्पना एवढी मोठी नव्हती. मोठी होती ती चौदा वर्षांत जमवलेली लेखकांची, वाचकांची आणि जाहिरातदारांची बैठक. सणाला घरात काहीतरी नवं यायला हवं अशी इच्छा आधीपासून होती, त्या दिवसांत खरेदी होते म्हणून जाहिरात देणारा होता, आणि लिहिणारे मासिकाला बांधलेले होते. हाच अंक मित्रांनी १८९५ च्या दिवाळीत काढला असता तर बहुधा तो एकदाच निघाला असता. पुढे ‘मनोरंजन’ बंद पडलं, दिवाळी अंक मात्र दुसऱ्यांच्या नावांनी निघतच राहिले. इतकी ती आवक भक्कम होती.

१९७३ च्या ‘कालनिर्णय’चं उदाहरण तर फळा लिहिणाऱ्याने पाठ करावं असं. पंचांग होतं, कॅलेंडरही होतं. जयंत साळगावकरांनी दोन्ही एका पानावर आणलं, हे सगळे सांगतात. मला त्यातला मोठा प्रयोग वाटतो तो पानाच्या मागच्या बाजूचा. भिंतीवर टांगलेल्या कागदाची पाठ ही तोवर वाया जाणारी जागा होती. तिच्यावर पाककृती, राशिभविष्य, आरोग्याचे सल्ले, नामवंतांचे लेख आले. शब्दकोड्यांच्या स्पर्धा चालवलेल्या माणसाला वाचकाकडून काय येऊ शकतं ह्याचा अंदाज होता, हे त्या मागच्या पानावरून कळतं. पाककृतींची तर पुढे वाचकांसाठी स्पर्धाच होऊ लागली आणि निवडलेले पदार्थ छापले जाऊ लागले. ज्या घरात कॅलेंडर टांगलेलं तिथूनच पदार्थ यायचा आणि पुढच्या वर्षी तिथेच परत जायचा. अशा सदराला मरण नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. वाचकांच्या आवकेवर चालणारं सदर वाचकांच्याच ताब्यात जातं. मग संपादक नावालाच उरतो. ‘मार्मिक’चं काय झालं ते बघा, असं म्हणणारा चूक नाही. बाळ ठाकरे ह्यांनी १३ ऑगस्ट १९६० रोजी हे व्यंगचित्र साप्ताहिक सुरू केलं तेव्हा त्याचा जीव रेषेत होता. मग ‘वाचा आणि थंड बसा’ ह्या मथळ्याखाली मुंबईतल्या आस्थापनांमधल्या अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या येऊ लागल्या. सुरुवातीला टेलिफोन डिरेक्टरीसारख्या सहज मिळणाऱ्या ठिकाणची नावं. पुढे जो तो आपापल्या कचेरीतली हकिगत घेऊन शिवाजी पार्कजवळच्या ठाकऱ्यांच्या घराकडे वळायला लागला. थोड्या अवधीत मथळ्यातलं ‘थंड बसा’ जाऊन ‘उठा’ आलं, आणि १९ जून १९६६ रोजी त्याच घरात शिवसेनेचा नारळ फुटला. हसवायला काढलेल्या साप्ताहिकाच्या एका सदराने साप्ताहिकालाच ओढून नेलं. त्या याद्यांमधून ज्यांना बोट लावून दाखवलं गेलं त्यांच्यासाठी ते नुसतं सदर नव्हतं, हेही विसरून चालणार नाही. आवक जोरदार आहे एवढ्याने सदर चांगलं ठरत नाही. ते चालतं, इतकंच ठरतं. माझा मुद्दा चालण्यापुरता आहे, आणि म्हणूनच चालू करण्याआधी दार कुठवर उघडायचं हे ठरवणं आलं. फळ्यावर ह्याची लहानशी आवृत्ती रोज घडते. ‘वाढदिवसाच्या शुभेच्छा’ अशी चौकट एकदा उघडा. पहिल्या आठवड्यात चाळीतल्या पोरांची नावं येतील, आणि मग स्थानिक पुढारी, त्यांचे चिरंजीव आणि चिरंजीवांचे मित्र. थोड्याच दिवसांत फळा फ्लेक्सचा धाकटा भाऊ होतो. चिठ्ठ्या कुणाच्याही येऊ द्याव्यात, फडकं मात्र दुसऱ्याच्या हातात देऊ नये. नियम आधी लिहून लावावेत: पंधरा वर्षांखालची मुलं, पंच्याहत्तरीपुढचे म्हातारे, मधले कुणी नाही. असा नियम रागवून घेतल्याशिवाय पाळता येत नाही, पण सदराच्या पहिल्या दिवशी तो लावला तर राग नियमावर जातो, लिहिणाऱ्यावर नाही.

दुसरा आक्षेप ह्याहून अवघड. परळ-दादरमध्ये निघालेल्या नियतकालिकांत ज्यांचा ठसा सगळ्यात खोल उमटला ती तर एकट्या माणसाच्या जोरावर चाललेली होती. ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी परळच्या पोयबावडीतल्या हरारवाला बिल्डिंगमधून निघालं. डॉ. आंबेडकर तेव्हा सिडनहॅम कॉलेजात सरकारी नोकरीत, म्हणून संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर ह्यांचं. शाहू महाराजांनी २,५०० रुपये दिले होते. पुढे ३ एप्रिल १९२७ पासून ‘बहिष्कृत भारत’ निघालं आणि त्याचे चोवीस-चोवीस रकाने आंबेडकरांना एकहाती भरावे लागत. प्रबोधनकार ठाकऱ्यांचं ‘प्रबोधन’, १६ ऑक्टोबर १९२१ पासूनचं, असंच एकखांबी. दादरहून साताऱ्याकडे आणि तिथून पुण्याला बिऱ्हाडं बदलत चाललेलं. तेव्हा आक्षेप असा: आवकेची वाट बघत बसला असता तर आंबेडकरांनी काय लिहिलं असतं? वाचक ज्यांना लिहायला-वाचायला शिकूच दिलं नव्हतं, त्यांच्याकडून चिठ्ठी कुठून येणार?

ह्याला माझ्याकडे जे उत्तर आहे त्याने माझाच मुद्दा जरा दुरुस्त होतो. ‘बहिष्कृत भारत’ला आवक नव्हती असं नाही. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा, पहिला अंक त्यानंतर दोनच आठवड्यांनी. परिषदेचा वृत्तांत, नंतरची मारहाण, कोर्टकचेऱ्या, विरोधी पत्रांतली टीका आणि तिला द्यायची उत्तरं असा मजकुराचा लोंढाच होता. ‘आजकालचे प्रश्न’ आणि ‘प्रासंगिक विचार’ ही त्यांची सदरं त्या लोंढ्यावरच भरत. टंचाई होती ती पैशाची आणि लिहिणाऱ्या हातांची. वर्गणीदार मोजके, मदतीची आवाहनं पुन्हापुन्हा, ह्या सगळ्यात पत्र नोव्हेंबर १९२९ पर्यंत चाललं. पुढच्याच वर्षी ‘जनता’ निघालं आणि त्याच्या संपादनाची धुरा सहकाऱ्यांवर सोपवली, म्हणून तर ते दीर्घकाळ तगलं. म्हणजे आवक दोन तऱ्हेची मोजायला हवी, मजकुराची आणि हातांची. मजकूर भरपूर आणि हात एकच असेल तर सदर मोलाचं असूनही लिहिणाऱ्याला खाऊन टाकतं. आणि टिकणं व मोल ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तर आलंच. अडीच वर्षं चाललेलं पत्र शंभर वर्षं वाचलं जातं. वर्षानुवर्षं चाललेला सुविचार संध्याकाळपर्यंतही वाचला जात नाही. पण आपण फळा लिहिणारे आंबेडकर नव्हे. आपल्याला आपल्या कुवतीची सदरं निवडायची आहेत, आणि त्या निवडीत आवक बघणं हाच शहाणपणा.

आवकेबरोबर आणखी एक गोष्ट बघावी लागते ती मोसम, आणि ही मला शिवडीच्या खाडीने दाखवली. इथे फळ्यावर ‘आजची भरती’ लिहावी अशी सूचना अधूनमधून येते. कल्पना फार गोड आहे. हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत जेट्टीजवळच्या चिखलावर रोहित पक्षी येतात, बघणारे कॅमेरे घेऊन येतात, आणि पाणी चढताना किंवा उतरताना गेलं तरच पक्षी नीट दिसतात. पूर्ण ओहोटीला ते लांब चिखलात गुलाबी ठिपक्यांसारखे उरतात. भरती दर दिवशी पाऊण तासाहून थोडी पुढे सरकते, म्हणजे ओळ रोज पुसून रोज नवी लिहावी लागणार. आवक? ती फुकट आणि पक्की. तिथीला पाऊणपट करायचं हा किनाऱ्यावरचा जुना हिशोब. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमाराला भरती. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी बारा-साडेबाराच्या आसपास उधाण. हिशोब अंदाजी आहे, अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण पंचांग भिंतीवर असलं की मजकूर हाताशी. तरीही हे सदर हिवाळ्यात चालत नाही. कोळ्याला ते नको, त्याला तिथी तोंडपाठ. पक्षी बघायला येणारा बोरिवली-ठाण्याहून मोबाईलवर वेळ बघून निघतो, त्याला शिवडीला पोचल्यावर फळा वाचून उपयोग काय? आणि चाळीतल्या माणसाला जानेवारीत पाणी कधी चढतं ह्याच्याशी कर्तव्य नसतं.

हीच ओळ जूनमध्ये लिहा. महापालिका पावसाळ्याआधी साडेचार मीटरहून मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी जाहीर करते. त्या दिवशी उधाणाच्या वेळेला जोराचा पाऊस झाला तर पर्जन्यवाहिन्यांतलं पाणी समुद्रात उतरत नाही, हिंदमाता तुंबते, परळहून घरी येणारा अडकतो, शाळेतून पोरं आणायची असतात. आता भरतीची वेळ ही प्रत्येकाची गरज झाली. मजकूर तोच, मेहनत तीच, फक्त महिना वेगळा, आणि वाचणारे थबकून उभे राहतात. म्हणून नवं सदर बारमाही करायचा हट्ट मला पटत नाही. जूनमध्ये सुरू करावं, सप्टेंबरअखेर सांगून बंद करावं. दिवाळी अंकाला वर्षातून एकदाच निघण्यात कमीपणा वाटत नाही, फळ्यावरच्या चौकटीला का वाटावा? आणि बंद करताना एक ओळ जरूर लिहावी, नाहीतर लोक समजतात लिहिणारा कंटाळला.

तिसरा आक्षेप हल्ली सगळे घेतात: व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर सगळं आधीच येतं, फळ्यावर नवं काय करणार? ह्यावर फार शब्द खर्च करावेसे वाटत नाहीत. गटावर सदर सुरू करायला काहीच पुसावं लागत नाही, त्यामुळे तिथे कशाचीच निवड होत नाही. शुभ सकाळ, मयत, मेगाब्लॉक आणि विनोद एकाच पंगतीत बसतात. फळ्यावर नवी चौकट आखायची तर जुन्या चार ओळी जातात. कुठल्या चार ओळी द्यायला आपण तयार आहोत, हा प्रश्नच नव्या सदराची निम्मी परीक्षा घेतो. आणखी एक म्हणणं असतं, की फळा आपला, हौस आपली, मग एवढा हिशोब कशाला? हौस जरूर करावी. पण रस्त्यावर टांगलेल्या गोष्टीत हौस लिहिणाऱ्याची असली तरी वेळ वाचणाऱ्याचा जातो.

ह्या सगळ्या विचाराला नीट न जुमानणारं एक सदर शिवडीत आहे, ते म्हणजे पुनर्विकास. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या २०७ बीडीडी चाळींपैकी वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या १९५ चाळींचं काम म्हाडाने हाती घेतलं. शिवडीच्या १२ चाळी राहिल्या, कारण त्यांच्याखालची जमीन पोर्ट ट्रस्टची. एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीत चौथी पिढी वाढवणाऱ्या माणसाला फळ्यावर दुसरं काही नसलं तरी चालेल, हे हवंच. मागणी बारमाही, आवक तर तुफान: कुणाच्या साडूला मंत्रालयात कळलेलं असतं, कुणी नकाशा बघितलेला असतो, कुणाला तारीखसुद्धा माहीत असते. माझ्या कसोटीने हे सदर सगळ्यात जोरात चालायला हवं, आणि नेमकं तेच चालवू नये असं मला वाटतं, निदान त्या आवकेवर तरी नाही. भरती अर्ध्या तासाने चुकली तर कुणी घर विकत नाही. इथे चुकीच्या एका ओळीवर लोक खोल्यांचे व्यवहार करतात. म्हणून ह्या चौकटीपुरता नियम वेगळा: हातात सरकारी कागद असेल, त्यावर तारीख आणि जावक क्रमांक असेल, तरच लिहायचं, आणि तो क्रमांकही लिहायचा, म्हणजे शंका असलेल्याने स्वतः जाऊन विचारावं. ज्या आठवड्यात कागद नाही त्या आठवड्यात ती जागा मेगाब्लॉकला द्यावी आणि वडाळा ते शिवडी कुठली गाडी आहे ते जरा सविस्तर लिहावं.